रोज पोळीचं घर

आमच्या गल्लीत रोज पोळी लाटणारं पहिलं घर आमचं, आणि त्या पोळीनं मला जवळपास मारलं. ही दोन्ही वाक्यं मी सारख्याच अभिमानानं लिहिते, कारण दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींसाठी माझ्या बापानं पाठ झिजवली होती. परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बाबा हमाल होते. दिवसभर गव्हाची पोती त्यांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढायची आणि संध्याकाळी त्यांच्या ताटात जवारीची भाकर असायची. हा न्याय त्यांना कधी पटला नाही. "गहू माझ्या पाठीवरून जातो आन् लोकायच्या पोटात जातो," असं ते हात धुता धुता म्हणायचे. मी बारावी पास होऊन कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी त्यांनी पाठीवरचं पोतं थेट आमच्या दारात उतरवलं आणि जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात भाकर बंद. कॉलेजची पोरगी भाकर खाईल का?" कॉलेजच्या पोरीला काय पाहिजे ते कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती. आता आहे, उत्तर ऐकून घ्यायची अजून यायची आहे.

मला भाकरच पाहिजे होती. नुसती भाकर नव्हे, मायच्या हातची, अठरा थापांची. माय मागच्या पडवीत परात घेऊन बसायची आणि पिठाचा गोळा फिरवत थापायची, तेव्हा मी शेजारी बसून मोजायचे. अठरा झाल्या की माझ्या अंगातलं काहीतरी जागच्या जागी बसायचं. कधी घाईत सतरावर तिनं भाकर उचलली, तर ती भाकर मी खात नसे. उपाशी झोपेन, पण सतरा थापांची भाकर खाणार नाही. वरण भाकरीला लागलेलं चालत नसे. चटणी ताटात डाव्या हाताला पाहिजे. मांडवात बँड वाजला की मी पलंगाखाली. कोणी "कशी आहेस?" म्हटलं की मी खरोखर सांगायला लागायचे, आणि विचारणारा माणूस तिसऱ्या वाक्याला निघून गेला की मला कळायचं नाही की त्याचं काय चुकलं. या सगळ्याला आमच्या गल्लीत तीन शब्द होते: हट्टी, तिरपागडी आणि अर्धवट. शाळेतले गुरुजी चौथा जोडायचे, "हुशार आहे, पण अवधान नाही." अवधान माझ्याकडे भरपूर होतं, ते छपराच्या पत्र्यावरच्या खिळ्यांवर होतं, एवढंच.

त्याला पाचवा शब्द आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. माझा नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलेना म्हणून लेकीबरोबर मी संभाजीनगरला गेले होते. तिथल्या डॉक्टर बाई लेकीला एकेक प्रश्न विचारत होत्या. आवाजाचा त्रास होतो का, एकच वस्तू पुन्हा पुन्हा मोजतो का, ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालतात का. मी मागच्या खुर्चीवरून प्रत्येक प्रश्नाला "हो, हो" करत होते. सहाव्या प्रश्नाला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी तुमच्या नातवाबद्दल विचारते आहे." मी म्हटलं, "मी माझ्याबद्दल सांगून राह्यले." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि स्वमग्नता हा शब्द दोघांच्या कागदावर लिहिला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटीच बराबर आहे आणि बाकीच्यांना मोजता येत नाही.

तर पोळी. पोळी मला तोंडात ओल्या फडक्यासारखी लागायची. पहिल्या दिवशी मी बाबांना तोंडावर सांगितलं, "मला पोळी आवडत न्हाई." त्यांचा हात घासाशी थांबला. रागावले असते तर बरं झालं असतं, ते फक्त म्हणाले, "ह्या घरात आता हाच नियम हाय, सुमे." आणि इथंच घोळ झाला. नियम हा शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नसतो. आवडत नसलेली गोष्ट मी कोणाच्या बापाच्या सांगण्यावरून करणार नाही, पण नियम असेल तर तो बाकी सगळ्यांनी मोडला तरी मी पाळणार. बाबा म्हणाले होते, सकाळी तीन, संध्याकाळी तीन. मी सकाळी तीन, संध्याकाळी तीन पोळ्या खाऊ लागले, एक वर्ष, दोन वर्षं. बाबा मोंढ्यात सांगायचे, "आमची पोरगी पोळीशिवाय जेवत न्हाई."

पहिल्यांदा तोंड आलं. मग पोट फुगायला लागलं, मग संडासच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि आमचं संडास म्हणजे रुळापलीकडची बाभळीची झाडं. केस गळायचे, हाडं दुखायची, जिना चढला की डोळ्यांपुढे काळं यायचं. गंमत अशी की बाहेरून मी ठणठणीत दिसायचे. ताप नाही, खोकला नाही, जखम नाही. आमच्याकडे आजार हा दिसावा लागतो. पाय मोडलेल्या माणसाला लोक अंगणात खाट देतात, नुसतं "अंगात त्राण नाही" म्हणणाऱ्याला झाडू देतात. त्यात माझं पोट फुगलेलं आणि वय एकोणीस. शेजारच्या कांताबाईनं पाण्याच्या नळावर मायला हळूच विचारलं, "कितवा?" माय तिच्याशी दोन महिने बोलली नाही, नळावरही गेली नाही, आणि आमच्या वाट्याचं पाणी मला माझ्या कमजोर हातांनी भरावं लागलं.

घरात आमची आत्या होती, बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. आत्या गल्लीची वैद्य, पंच आणि वार्ताहर. तिनं पहिल्याच महिन्यात निदान केलं की मला दृष्ट लागली आहे. आमचं घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बाबा असल्या गोष्टींच्या पूर्ण विरोधात. म्हणून आत्या ते मोंढ्यावर गेले की मीठ-मिरच्या उतरवायची. एकदा ते अचानक आले आणि घरभर मिरच्यांचा ठसका. "हे काय चाल्लंय, आक्का?" आत्या डोळे पुसत म्हणाली, "काय न्हाई रे, फोडणी करपली." चुलीवर काहीच नव्हतं. बाबांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा मोंढ्यावर निघून गेले.

पण उपायांबाबत आत्या, कांताबाई, औषधाच्या दुकानातला पोऱ्या आणि गल्लीच्या टोकाचे निवृत्त मास्तर यांचं दुर्मीळ एकमत होतं. अशक्तपणा आहे, गहू द्या. मग मला गव्हाची लापशी सुरू झाली. रव्याचा शिरा सुरू झाला. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा पाव आणि बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा, कारण आजाऱ्याचं अन्न तेच. आणि मी समोर दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ल्याशिवाय तो उठायचा नाही. मी जितकी खचत गेले तितका माझ्यावर गव्हाचा मारा वाढला. मला मारायचं ठरवून ही सगळी मंडळी एकत्र बसली असती तरी इतकी शिस्त त्यांना जमली नसती. ह्या लोकांनी मला प्रेमानं आजारी पाडलं, आणि आभार मानायची वेळ प्रत्येक वेळी माझ्यावरच आली.

शेवटच्या वर्षाला बाबा एक दिवसाचा खाडा करून मला जालन्याला घेऊन गेले. पॅसेंजरमधून उतरलो, नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत एका मोठ्या डॉक्टरांकडे. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि मी माझी वही घेतली होती. वहीबद्दल सांगायला पाहिजे. दिवस लिहून काढल्याशिवाय तो संपल्यासारखा मला वाटत नसे. पानावर चार रकाने: जेवण, पोट, झोप, आवाज. सहावीपासून. त्यात काही शोधायचं म्हणून मी लिहीत नव्हते. पाण्याचा नळ बंद केल्याशिवाय जसं पुढं जाता येत नाही, तसं ते होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

मी म्हटलं, "आत्ता की एरवी?"

"आत्ता."

"आत्ता काही न्हाई. तुमचा पंखा कटकट करून राह्यलाय, तेवढंच."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. "बरं, एरवी?"

मी वही उघडली. "सोमवारी पाच वेळा. मंगळवारी चार, पण त्यातली तिसरी पातळ आणि वर तेलासारखं..."

"बस, बस, बस."

"अजून बुधवार राह्यला."

बाबा भिंतीवरचं कॅलेंडर इतक्या बारकाईनं वाचत होते की जणू त्यात त्यांची सुट्टी लिहिली होती. डॉक्टरांनी विचारलं, "शिकते का काही?" बाबांची छाती बाहेर आली. "बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय साहेब. आमच्या खानदानात पहिलीच." डॉक्टरांनी मान हलवली, जणू हेच लक्षण ते शोधत होते. "मग बरोबर. पुस्तकं डोक्यात गेलीत. शरीरात काही दोष नाही, सगळं मनाचं आहे. लग्न झालं की थांबेल. आणि खाण्याकडे लक्ष द्या. रोज सकाळी दुधातून गव्हाचं सत्त्व."

मनाचं आहे म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला होता, पण सत्त्व हा शब्द ऐकून तो पुन्हा उजळला. ज्या मालानं त्यांच्या पाठीला घट्टे पाडले होते, तेच औषध निघालं होतं.

परतीच्या गाडीत मात्र निम्मी वाट सरल्यावर ते म्हणाले, "परीक्षेला तीन महिने हायेत. तवर बरी झाली तर ठीक. न्हाईतर बास झालं कॉलेज. जीव घालवून डिग्री काय करायची?" आत्याच्या सासरकडचा अंबडचा एक मुलगा होता, कोर्टाच्या आवारात झेरॉक्सचं दुकान असलेला, त्याचंही नाव त्यांनी खिडकीबाहेर बघत घेतलं. मला डिग्री पाहिजे होती. आपल्या माणसांत पहिली वगैरे अभिमान होताच, आजही आहे, आणि तो लपवायला मला कोणी शिकवलेलं नाही. पण त्याहून मोठं कारण कॉलेजचं वाचनालय होतं. तिथं भिंतीवर पाटी होती, 'बोलण्यास मनाई आहे'. गप्प बसणं हाच जिथं नियम आहे अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, आणि अख्ख्या कॉलेजात तो नियम आनंदानं पाळणारी मी एकटी होते. डिग्री बुडाली तर ती खुर्चीही गेली, आणि पुढे झेरॉक्सच्या मशीनचा आवाज जन्मभर.

आत्यानं हवापालट सुचवला. अंबडकडे माझ्या मामाची दोन एकर जमीन होती, हुरड्याचे दिवस होते, आणि तो झेरॉक्सवाला जाता जाता मला बघून जाईल असाही तिचा बेत होता. बाबांनी बरोबर गव्हाच्या पिठाचा डबा दिला. मामीनं तो डबा पाहिला, "अगं बाई, गव्हाचं!" म्हणाली आणि पाहुण्यांसाठी फळीवर उचलून ठेवला. मी भाची, म्हणजे पाहुणी नव्हे. त्या एका सावत्र वागणुकीनं माझा जीव वाचवला. अकरा दिवस मी भाकर खाल्ली, शेतात आगटीवर भाजलेली कणसं मामा तळहातावर चोळून द्यायचा तो गरम हिरवा हुरडा खाल्ला, तिळाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर. सहाव्या दिवशी माझं पोट उतरलं. आठव्या दिवशी मी विहिरीवरून दोन घागरी आणल्या आणि डोळ्यांपुढे काळं आलं नाही. झेरॉक्सवाला येऊन गेला, मी मामीच्या भाकरीच्या थापा मोजत बसले होते, तेवीस होत होत्या, पण रोज नेमक्या तेवीस, म्हणून मला चालत होत्या, आणि त्याच्याकडे बघून मी म्हटलं, "जरा थांबा, चुकेल." त्यानं नकार अंबडला पोचायच्या आधीच कळवला.

घरी परतले तर बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी लापशी करायला लावली. चौथ्या दिवशी मी पुन्हा बाभळीत.

"बघा, मी म्हन्लं न्हवतं?" आत्या म्हणाली, "नजर ह्याच गल्लीतली हाय." मी मात्र वही घेऊन बसले. पोटाच्या रकान्यात अकरा दिवस कोरे होते. जेवणाच्या रकान्यात त्याच अकरा दिवशी पोळी नव्हती. मागची पानं उलटली. बारावीपर्यंत पोटाचा रकाना जवळजवळ रिकामा, फक्त लग्नं आणि जयंतीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी भरलेला. हे समोर होतं, दोन वर्षं माझ्याच अक्षरात होतं, आणि ते ना मोठ्या डॉक्टरांनी वाचलं ना मी. मी मायला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, मी बोट ठेवून सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटतच व्हतं."

"मंग बोल्ली का न्हाई?"

"तुझ्या बापाला कोन सांगनार, सुमे? तो पोळी खात न्हाई, पोळीकडं बघून जेवतो."

मग आमचं दोघींचं गुपित सुरू झालं. नियम सकाळी तीन, संध्याकाळी तीन एवढाच होता; कोणाच्या पोटात ते बाबांनी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाबांसमोर माझ्या ताटात तीन पोळ्या पडायच्या, त्या माझ्या ओढणीत जायच्या आणि तिथून कांताबाईच्या शेळीच्या तोंडात; सकाळच्या पोळ्या आणि सत्त्वाचं दूधही तिलाच. त्या हंगामात शेळीच्या अंगावर जी तकाकी आली ती पाहून कांताबाई श्रेय आपल्या चाऱ्याला द्यायची. राहिला प्रश्न भाकरीचा. गल्लीत सगळ्यांकडेच भाकर, त्यामुळे वासाला घर नव्हतं, आवाजाला होतं. थापण्याचा आवाज कोणत्या घरातून येतो ते आमच्या गल्लीत पाळण्यातलं पोरही सांगेल, आणि रोज पोळीच्या घरातून थापा ऐकू आल्या तर दिवस मावळायच्या आत बातमी मोंढ्यात. पण आमच्या पडवीला लागून पत्र्यापलीकडे चाचांची पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा सुरू झाला की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. एरवी त्या आवाजानं मी कानात बोळे घालून बसायचे. आता मी त्याची वाट बघायचे. आत्या पुढच्या ओट्यावर बातम्या गोळा करायला बसली आणि चाचांनी बटण दाबलं की माय परात ओढायची.

महिनाभर हे चाललं. माझी तब्येत सुधारली आणि सत्त्वाची कीर्ती वाढली. बाबांनी मोंढ्यातल्या दोन आजारी माणसांना ते घ्यायला लावलं.

परीक्षेला बारा दिवस होते. अमावास्या, मोंढा बंद. बाबा पुढच्या ओट्यावर आत्याबरोबर बसले होते, समोर कांताबाई तांदूळ निवडत होती. गिरणी सुरू होती. माय थापत होती, मी मोजत होते. आठ, नऊ, दहा, अकरा, आणि पट्ट्याचा आवाज घरंगळत खाली आला आणि थांबला. पत्र्यापलीकडून चाचा ओरडले, "लो, लाइट गई!"

इतकी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. मायचा हात वर होता. तिथंच थांबली असती तर कोणाला काही कळलं नसतं. गोळा झाकून ठेवायचा, पोळीचं पीठ पुढं घ्यायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं. अकरा थापांची भाकर मी खाणार नाही हे तिला माहीत होतं. मी मान हलवली की नाही ते आज आठवत नाही. माझा चेहराच सांगत असेल. मायनं हात खाली आणला. थाप. बारा. थाप. तेरा. त्या परातीचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल. तिनं सातही थापा घातल्या, एकही हलकी नाही, आणि अठराव्याला भाकर उचलून तव्यावर टाकली.

बाबा पडवीच्या दारात उभे होते. मागे आत्या, तिच्या खांद्यावरून कांताबाई.

"कोन आलंय?" बाबांनी विचारलं.

"कोनी न्हाई," माय म्हणाली.

"मंग भाकर कोनासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "एक महिना झाला. पोळ्या शेळीला देते."

"आगं माय!" कांताबाई म्हणाली. "तरीच!"

बाबा खाली बसले. मी वही आणली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, सही करायचे, पण अक्षर लावत वाचायला वेळ लागायचा. म्हणाले, "वाच." मी वाचलं. मला आवाज लहान करून वाचता येत नाही, आजही नाही. सगळे दिवस वाचले, पोटाचे आकडे वाचले, मामाकडचे अकरा कोरे दिवस वाचले, अठरा थापा आणि सतरा थापांचे शेरेसुद्धा वाचले, कारण ते त्याच पानावर होते. गल्लीला बरंच काही कळलं. कांताबाईनं पहिल्यांदा खाली मान घातली.

"म्हंजी माझ्या गव्हानं?" बाबा म्हणाले.

"गव्हानं. तुमचं नाव मी कुठं लिहिलं न्हाई."

ते तव्यावरच्या भाकरीकडे बघत होते. ती फुगली होती, मायनं उतरवली नव्हती, कडेला करपायला लागली होती. "तुला ठाव न्हाई, सुमे," ते हळू म्हणाले. "आमची माय टोपली घेऊन गावात जायची. दारोदार. मी मागं मागं. शिळ्या भाकरी वरून टाकायचे, हात लागू नये म्हनून. त्या वाळवून ठिवायच्या आन् पावसाळ्यात भिजवून खायच्या. त्याला हिरवी बुरशी असायची. मला भाकर दिसली की ती टोपली दिसती. म्हनून म्हन्लं माझ्या पोरीच्या ताटात..."

अशा वेळी दुसरी कोणी मुलगी रडली असती, बापाच्या पायाशी बसली असती, काहीतरी बरं बोलली असती. मला जे दिसत होतं तेच मी सांगितलं. "बाबा, मला टोपली दिसत न्हाई. मला नुसती भाकर दिसती."

आत्यानं कपाळावर हात मारला. पत्र्यापलीकडे लाइट आली आणि गिरणी पुन्हा धडधडायला लागली. बाबा उठले आणि बाहेर गेले.

दोन दिवस माझ्या ताटात ना पोळी आली ना भाकर; मायनं भात दिला. तिसऱ्या दिवशी ते मोंढ्यातून आले तेव्हा पाठीवर पोतं होतं. त्यांनी ते गव्हाच्या कणगीशेजारी उतरवलं, तोंड सोडलं, मूठभर जवारी काढून तळहातावर पसरली. टपोरी, पांढरी, एकही काळा दाणा नाही. मग मायला म्हणाले, "दळून आन. आन् चाचाला सांग, सकाळी गिरणी पुसून पयली आमची जवारी. मंग लोकायचे गहू." हा त्यांनी मानाचा प्रश्न केला होता. गव्हावर दळलेल्या जवारीतही माझ्या पोटाला पुरेसा गहू उतरतो हे मला पुढे पंचवीस वर्षांनी, दुर्बिणीनं आतडं तपासल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या बापानं ते पथ्य आधीच लावून दिलं होतं, भलत्याच कारणासाठी, पण बिनचूक.

त्या डॉक्टरांनी ह्या गहू न सोसण्याच्या आजाराला सिलिअॅक असं नाव दिलं. नाव मिळालं म्हणून कोणी विश्वास ठेवतं असं नाही. मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. दर वाढदिवसाला केक यायचा आणि दर वाढदिवसाला तेच वाक्य, "मॅडम, एक घास खाल्ल्यानं काय होतं?" पहिली काही वर्षं मी काय होतं ते क्रमानं सांगायचे. पुढे लोक विचारेनासे झाले, आणि मी गर्विष्ठ आहे असं ठरलं. "तुम्ही तर चांगल्या दिसता," हेही मी रिटायर होईपर्यंत ऐकलं. आता जालन्याच्या एका चकाचक दुकानात जवारीचं पीठ रंगीत पाकिटात मिळतं, वर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ह्यात गहू नाही. ज्या मास्तरांनी मला लापशी लावली होती त्यांची सून ते पाकीट घेताना भेटली. मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण सुरू करा ना, खूप हलकं वाटतं."

मी परीक्षेला बसले आणि सेकंड क्लासमध्ये पास झाले. बाबांनी गल्लीला जेवण दिलं. पंगतीत पोळीही होती आणि भाकरही, आणि "ग्रॅज्युएट पोरीच्या जेवनाला भाकर?" म्हणणाऱ्या एका नातेवाइकाला बाबांनी दोन भाकरी वाढल्या. पण डिग्रीचा दिवस म्हटलं की मला तो आठवत नाही. मला पहिल्या पेपरची सकाळ आठवते.

बाबांनी मायला पडवीतून उठवून पुढच्या खोलीत बसवलं होतं, परातीसकट, दार सताड उघडं. चाचांची गिरणी अजून सुरू व्हायची होती. मी वेणी घालून, हॉल तिकीट पिशवीत दोनदा बघून तिसऱ्यांदा बघत होते. बाबा अंगावर बंडी, खांद्यावर टॉवेल, मोंढ्यावर निघालेले, उंबऱ्यात उभे. गल्लीतली बायामाणसं नळावर. मायच्या थापा सगळ्या गल्लीला ऐकू जात होत्या. माझं लक्ष हॉल तिकिटावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोजायची विसरले. मायलाही घाई होती, वेळ झाला होता, तिनं भाकर हातावर उचलली.

"सतरा झाल्या," बाबा उंबऱ्यातून म्हणाले. "एक राह्यली."